फ्रिजची पाठ

...आणि वर तो पोरगेलासा सेल्समन मलाच विचारतो, "काका, तुम्हाला नक्की काय हवंय?" अहो, काय हवंय म्हणजे? फ्रिज हवाय! पण फ्रिज मागून बघायचा असतो, मागून! पुढून काय, सगळेच गोरेगोमटे.

हसू नका हो. तुम्हाला सांगतो, मी पोस्टमन आहे. तोही ब्राझीलमधल्या बेलेंचा, जिथे रोज दुपारी पाऊस ठरलेला! या गावात भेटायची वेळसुद्धा कोणी घड्याळावर ठरवत नाही, "पावसाआधी येतोस की पावसानंतर?" असं विचारतात. आणि मी? मी आधीही रस्त्यावर, नंतरही रस्त्यावर आणि मधल्या धो धो वेळात तर हमखास रस्त्यावर! संध्याकाळी घरी येतो तेव्हा एकेका बुटात मासा पाळता येईल इतकं पाणी. मग काय करतो? इथे सगळे करतात तेच. बूट फ्रिजच्या मागे! ती काळी तापलेली जाळी असते ना, तिला टेकवून ठेवायचे. सकाळी बूट कसे... भट्टीतून काढलेल्या पावासारखे! सव्वीस वर्षं हे चाललंय. पायाला चिखल्या झाल्या तेव्हा डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या माहीत आहे? "ओस्मारिनो, पुन्हा ओला बूट घातलात तर हे पाय माझ्याकडे आणू नका, खाटकाकडे न्या." आता सांगा, मी फ्रिज मागून बघू नको तर काय करू?

पण आमची बायको, रोझिल्डा! विजेचं बिल हातात आलं की ती आधी बिलाकडे बघते, मग फ्रिजकडे, मग माझ्याकडे... जसं काही आम्ही दोघं मिळून प्यायलोय! "हा फ्रिज नाही, दारुडा आहे. दिवसभर वीज ढोसतो आणि वर कण्हतो. कमी विजेवर चालणारा आणू या." आणू या म्हणे. गेलो.

दुकानात जेनिल्सन. तोच तो सेल्समन. दात दाखवत आला आणि फ्रिजवरच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "हिरवी पट्टी, ए दर्जा! वीज नुसती हुंगतो, पीत नाही!" रोझिल्डा विरघळली. मी म्हटलं, मागून दाखव. "मागून?" मागून! त्याने फ्रिज फिरवला आणि... सपाट! पाटी कोरी! जाळी नाही, काही नाही! "हात लावा काका, गार आहे की नाही?" असा खूश, जणू स्वतःच्या लेकराचं अंग बघतोय, ताप उतरला म्हणून. बाजूला हात लावला तर जेमतेम कोमट. त्याच्यावर बूट सोडा, मोजासुद्धा रडत बसेल!

मग मी निघालो खालच्या अक्षरांकडे. बी... सी... तुम्हाला सांगतो, अक्षर जितकं वाईट तितकी पाठ उबदार! आणि कोपऱ्यात, धुळीत, शेवटच्या अक्षराचा एक बुटका फ्रिज. चालू करायला लावला, मागे हात घातला... जाळी! गरम! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. "हाच द्या!" जेनिल्सन इकडेतिकडे बघून हळूच म्हणतो, "काका, हा आम्ही कुणाला दाखवत नाही." आणि मागून रोझिल्डा, "ओस्मारिनो! तुला फ्रिज हवाय की चूल?"

ए दर्जा घरी आला. जुन्याला टेम्पोवाले घेऊन गेले. भिंतीवर दोन बुटांचे डाग तेवढे राहिले. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होतो, खोटं कशाला सांगू.

पहिल्या दिवशी बूट पंख्याखाली ठेवले. ओलेच! दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये. एकाचा सोल वितळला! चौथ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात पुन्हा आग आग, पत्रं वाटताना मी असा लंगडतोय की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली, दया आली त्यांना! म्हटलं ना, फ्रिज मागून बघायचा असतो! ऐकतंय कोण?

रोझिल्डाने मला लंगडताना पाहिलं. फ्रिजबरोबर आलेलं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि वाचायला लागली, "आत सतत कोरडी हवा खेळते. भाजी झाकून ठेवा, अन्यथा सुकेल." थांबली. माझ्या पायांकडे बघितलं. मग उठली, टोमॅटो बाहेर काढले, कागद अंथरला आणि दुसऱ्या कप्प्यात, लोण्याच्या शेजारी... माझे बूट ठेवले! "भाजी सुकते, तर हे काय मोठे लागून गेलेत?"

आणि सुकतात हो! गार पडतात, पण सुकतात. आता बूट आत, टोमॅटो बाहेर. माझ्या सासूबाई, डोना बेनिग्ना, रोज दुपारी तळलेल्या माशाबरोबर असाईचा, म्हणजे इथल्या ताडाच्या जांभळ्या फळांचा, गर खातात, तो त्याच कप्प्यात असतो. काल वाटी हुंगून म्हणाल्या, "यंदा असाईला पोस्टाचा वास येतोय." तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी.

शेजारी विचारतात, "काय ओस्मारिनो, नवा फ्रिज कसा आहे?" काय सांगू? म्हणतो, उत्तम! टोमॅटो सडले, लोणी बाटलं... पण बूट? बूट एकदम ताजे राहतात!