लालीबाईंनी मला कायदा शिकवला

समारंभाचे अध्यक्ष, तालुक्याचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कपिल साहेब. आजच्या सत्कारमूर्ती, एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून दारव्हा तालुका पायाखाली घातलेल्या लालीबाई राठोड. व्यासपीठावरची सन्माननीय मंडळी आणि जेवणाच्या वासाने आधीच अस्वस्थ झालेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी देवराव इंगोले, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. दवाखान्याच्या कार्यक्रमात हा मास्तर काहून, असं पुढच्या रांगेतले शामराव केव्हाचे कुजबुजत आहेत. सांगतो. मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातला प्रजननाचा धडा बावीस वेळा 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला. अशा माणसाला एके दिवशी वरून पत्र आलं: बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची माहिती शाळेत द्यावी व अहवाल पाठवावा. अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहून टाकला. माहिती द्यायची तेवढी राहिली होती.

शाळा कोणती ते विचारू नका. माझ्या सहा शाळा झाल्या. तिथल्या शाळा समितीच्या अध्यक्षांना आपण मारोतराव म्हणू. या तालुक्यात खडा फेकला तर एखाद्या मारोतरावालाच लागतो.

मी लालीबाईंना बोलावलं आणि हळूच म्हटलं, "बाई, फक्त मुलींना सांगा. आणि जरा असं सांगा, की कोणाला फारसं समजणार नाही."

बाईंनी मुलं, मुली, आईबाप, मास्तर, सगळ्यांना एकाच मांडवात बसवलं. प्रास्ताविक माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "बालकांनो, कोणी तुमच्या... त्या... तिकडच्या भागाला हात लावला तर..."

"सर," लालीबाई मागून म्हणाल्या, "तिकडचा भाग म्हंजे कोणता? नेरकडचा का पांढरकवड्याकडचा?"

मांडव हसून लोळला. मग बाईंनी शरीराच्या प्रत्येक भागाचं नाव घेतलं, ताप मोजावा इतक्या सहज. म्हणाल्या, "लेकराले नावच ठाऊक नसन, तं ते सांगन कसं?"

मग त्यांनी विचारलं, "असं वाईट काम करणारा माणूस कसा दिसते?" मारोतराव उठले. "मोठ्या मिशा, लाल डोळे, बाहेरगावचा, पांढऱ्या गाडीत येते."

"तुमी असा किती वेळा पाह्यला?"

"मी... एकदाबी नाही."

"मंग आयका. बहुतेक वेळा तो वळखीचाच असते. घरातला, शेजारचा, शिकवणारा. तो आधी लेकराले खाऊ देते, एकटं गाठते, अन् म्हणते, हे घरी सांगू नको. 'सांगू नको' आयकलं का कान टवकारा."

पुढे त्यांनी कायदा सांगितला: अठराच्या आतलं प्रत्येक लेकरू यात येतं, मुलगा असो की मुलगी. लेकरानेच 'हो' म्हटलं होतं, ही सबब चालत नाही. जबाब लेकराच्या घरीही घेता येतो, पोलिसांनी गणवेश घालून यायचं नसतं, नाव कुठे उघड करायचं नाही. "आन् कळूनबी पोलिसाले न कळवणं गुन्हा हाय. शाळेच्या प्रमुखाले तं एक वर्षापर्यंत कैद." हे वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या. मी पाणी प्यालो.

आठ दिवसांनी एक लेकरू माझ्या ऑफिसात आलं. मुलगा की मुलगी, सांगणार नाही. कायद्याची मनाई आहे. जेवढं सांगतोय तेही त्याच्या परवानगीने. त्याने काय झालं ते मला सांगितलं. नाव घेतलं, ते गावातल्या अशा माणसाचं, ज्याला आम्ही सगळे काका म्हणत होतो. मारोतरावांचा तो जिवाभावाचा दोस्त.

मी काय केलं? पोलिसांना नाही, मारोतरावांना फोन केला. ते आले, समितीतले आणखी दोघे आले. दार लावून चर्चा सुरू झाली. गावाची अब्रू, शाळेचं नाव. तिघांचंही एकच, "आपसात मिटवून टाका, सर." मी मान हलवत होतो.

शेवटी दार उघडून लालीबाई आत आल्या. शाळेच्या शिपायाने त्यांना निरोप धाडला होता. त्यांनी विचारलं, "ठाण्यात फोन केला?" मी मारोतरावांकडे बघितलं. मग त्या मारोतरावांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दोस्ताची अब्रू तुमाले दिसते. लेकराची काहून नाही दिसत?"

मारोतरावांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलली. मग उठले आणि म्हणाले, "चला. गाडी मी काढतो." लेकराला आणि त्याच्या आईला घेतलं आणि आम्ही दारव्ह्याला निघालो.

गावातले काही जण वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. शाळेचं कामकाज फार सुरळीत चाललं. खटला उभा राहिला, तारखा पडल्या, प्रत्येक तारखेला लालीबाई लसीची पेटी खांद्यावर घेऊन हजर. शेवटी शिक्षा झाली. लेकरू आज यवतमाळला कॉलेजात शिकतं, आणि ऐकतो, की फार भांडखोर झालं आहे. मला फार बरं वाटलं.

लालीबाई, तुम्ही आता नातवंडांत रमणार म्हणता. त्या नातवंडांच्या मास्तरांची मला काळजी वाटते.

संयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, सर्वांचे आभार. बोलण्यात कुठे अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. एका चुकीची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. त्या दिवशी आमची चर्चा तीन तास चालली, आणि ते तीन तास लेकरू दाराबाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होतं. निकालानंतर मी त्याच्यासमोर हात जोडले. ते म्हणालं, "जाऊ द्या, सर. पण आता कोणी आलं, तं त्याले बाहेर बसवू नका."