चौदा नंबरची चप्पल

...नाही, पण मला एक सांगा, माणसाने रांगेत चप्पल ठेवली की ती चप्पल म्हणजेच तो माणूस, हे शेंबड्या पोरालाही कळतं की नाही? कळतं. मग कोटातल्या माणसाला का कळू नये? आणि त्याने त्या चपलेला पायाने सरकवलं, पायाने बरं का, म्हणजे त्याने लाथ कुणाला मारली? मलाच ना? आता माझी ही भुवई शिवलेली बघून, हे टेंगूळ बघून तुम्ही मनात म्हणत असाल, हा भांडकुदळ दिसतोय. अहो, नाही हो. तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस आहे.

माझा धंदाच शांतपणाचा. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी काचा घासतो. वीस वर्षं. काच केसभर जास्त घासली गेली की गिऱ्हाइकाला जिन्याची पायरी भलतीकडे दिसते आणि तो तोंडावर आपटतो. तेव्हा हात हलून चालत नाही, डोकं तापून चालत नाही. माझा स्वतःचा नंबर उणे सात. चष्मा काढला तर मला बायको आणि कपाट यातला फरक कळत नाही, हे मी बायकोला एकदा गमतीने सांगितलं, त्यानंतर घरात दोन दिवस कुणी बोललं नाही, तरी मी शांत.

तर मुलीचं नाव घालायचं होतं. सरकारी बालवर्गात. मुलगी साडेतीन वर्षांची, घरात आम्ही तिला ठिणगी म्हणतो, यावरून काय ते समजा. इतके दिवस तिला सासूबाई सांभाळायच्या, पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, मुलामागे धावायचं नाही. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करते, तिची रजा संपत आलेली, तिथल्या मुकादमाने सांगितलं, 'सोमवारी आलात तर तुमची इस्त्री, नाही आलात तर दुसरीची.' मग एक दिवस मी ठिणगीला दुकानात नेलं. एक दिवस हो. अकरा फ्रेमा. मालक शांतपणे म्हणाले, 'या दुकानात एक तर ती येईल, नाही तर तुम्ही याल.' राहिला बालवर्ग. जागा किती? पंधरा. नावं कधी घेणार? शुक्रवारी, एकच दिवस. बायकोने निघताना माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, 'हे बघा, जागा घेऊनच या. आणि कुणाशी भांडू नका.' मी म्हटलं, अगं, मी शांत माणूस आहे. तिने ते बटण पुन्हा एकदा तपासलं.

सकाळी सहाला मी ठिणगीला घेऊन हजर. बघतो तर दारापासून भिंतीपर्यंत चपलांची रांग. प्रत्येकाने एकेक चप्पल ठेवलेली आणि माणसं समोरच्या कट्ट्यावर एक पाय अनवाणी घेऊन बसलेली. मी मोजल्या, तेरा. मी माझी डावी काढून ठेवली. चौदा! काळी, टाचेला तांब्याची तार बांधलेली, चष्म्याच्या कामातलीच तार, मीच बांधलेली. अहो, मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी त्या चपलेकडे वळून वळून बघत होतो.

साडेसातला तिथली मदतनीस मावशी वही घेऊन बाहेर आली. मुलांना आत नेऊन सतरंजीवर बसवलं आणि रांग लिहायला लागली. कशी लिहिली? 'एक, निळी रबरी. दोन, तपकिरी, अंगठा तुटका. तीन, लेडीज, पट्ट्याला सेफ्टी पिन.' मी म्हटलं, मावशी, माणसांची नावं लिहा ना. ती म्हणाली, 'नावं आत, बाईंसमोर, फॉर्मवर. बाहेर मी रांगेत काय आहे तेवढंच लिहायचं. रांगेत काय आहे?' मी म्हटलं, चप्पल. 'मग?' चौदा, काळी, टाचेला तार. लिहून आत गेली.

हळूहळू रांग चाळीस चपलांवर गेली. आणि पावणेनऊला तो आला. काळा कोट, चकचकीत बूट, कडेवर पोरगं. आम्ही त्याचं नाव तिथल्या तिथे जावईबापू ठेवलं, कारण सगळ्यात उशिरा आला आणि सगळ्यात पुढे बसायला निघाला. पोराला आत सोडलं, एक बूट काढला आणि चार नंबरच्या पुढे ठेवून मागच्या सगळ्या चपला पायाने अश्शा मागे सारल्या. माझी चौदाची झाली पंधरा. म्हणजे अजून कुणी असाच टपकला की ठिणगी बाहेर, बायकोची इस्त्री दुसरीच्या हातात. मी उठलो. अगदी हात जोडून म्हटलं, साहेब, ही माझी चप्पल आहे. तो काय म्हणाला असेल? म्हणाला, 'असेल. पण मूल चपलेचं आहे की तुमचं?'

तरी मी शांत. खरंच सांगतो. सुरुवात मी केलीच नाही, सुरुवात केली पोस्टमन आजोबांनी. रिटायर्ड पोस्टमन, नातवासाठी आलेले, सहा नंबर, तपकिरी कॅनव्हास. त्यांनी छत्रीचं टोक जावईबापूंच्या बरगडीत खुपसलं आणि म्हणाले, 'पत्ता चुकलाय तुमचा. मागे जा.' जावईबापूंनी छत्री ओढली, ती मधल्या मध्ये उघडली, तिची काडी अडकली बेकरीवाल्या ताईंच्या अंबाड्यात. आता या ताई रोज चाळीस किलो मैदा तिंबतात, दंड माझ्या मांडीएवढे. त्यांनी अंबाडा सोडवला, पदर खोचला आणि जावईबापूंना एक ठेवून दिली... ठेवून दिली म्हणजे देणार होत्या. तो खाली वाकला. मागे कोण होतं? मी.

अहो, असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. कानात इस्पितळाच्या धुलाईखान्यातली सगळी यंत्रं एकदम सुरू झाली. चष्मा उडाला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात. आणि मग खालून कर्रर्र... कुणाचा तरी पाय पडला. काच फुटली ते मी आवाजावरून ओळखलं, माझ्याच हातची काच ती. तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस आहे, पण चष्मा नसला की मी कुणीच नाही. समोर नुसते डाग, पुढचं सांगतोय त्यातलं बरंचसं मला नंतर इतरांकडून कळलं. तांबडा डाग पांढऱ्या डागाला मारतोय, पांढरा डाग ओरडतोय, 'सोड माझी बाही.' ताई दोन माणसांची डोकी एकमेकांवर आपटतायत, खणखण नाही हो, नारळासारखा बद्द आवाज. आजोबांची कवळी बाहेर पडली आणि ते बिनदातांचे शिव्या देतायत, त्यामुळे शिवी कुणाला दिली तेही कळेना, सगळ्यांनाच लागली. कुणीतरी माझ्या पाठीवर बसलं. माझ्या तोंडासमोर एक मनगट आलं. मी चावलो. आता चावणं म्हणजे काही मारणं नव्हे.

आणि मग माणसांनी ती चूक केली. मारायला हाताशी काय होतं? चपला. जो तो वाकला आणि हाताला लागेल ती चप्पल घेऊन सुटला. निळी रबरी आजोबांच्या टकलावर, सेफ्टी पिनवाली कुणाच्या तरी गालावर पिनेसकट, जावईबापूंचा बूट ताईंनी असा भिरकावला की खिडकीची काच फोडून आत गेला. पहाटेपासून जी रांग आम्ही डोळ्यांत तेल घालून राखली होती, ती आम्हीच उचलून एकमेकांच्या डोक्यात घातली.

मी पण चाचपडलो. हाताला टाच लागली, टाचेला तार. माझीच! तेवढ्यात समोर दाराशी काळा कोट दिसला. उंच, काळा, मधे पांढरं. मी मनात म्हटलं, आता कसा वाकतोस बघू. वीस वर्षं न हललेला हात आहे हा. नेम धरला आणि सोडली.

लागली. बरोब्बर कपाळाच्या मधोमध. आणि एकदम सगळं थांबलं. म्हणजे मारामारीत एक आवाज असतो ना, तो बंदच झाला. माझ्या शेजारचा कुणीतरी हळूच म्हणाला, 'अरे देवा, बाई.'

बालवर्गाच्या बाई होत्या त्या. काळा स्वेटर घालून नऊच्या ठोक्याला नावं घ्यायला बाहेर आल्या होत्या.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चप्पल उचलली, आमच्याकडे बघितलं आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, 'हाताची घडी, तोंडावर बोट.' आणि सांगायला लाज वाटते, चाळीस घोड्यांनी, त्यात एक पासष्ट वर्षांचे, हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. कुणाच्या बोटातून रक्त गळतंय, कुणाची बाही लोंबतेय, पण बोट तोंडावर. आणि आत फुटक्या खिडकीशी आमची मुलं रांगेत उभी, तीही तशीच. फक्त ती मगापासून तशी उभी होती. मावशीने सांगितलं म्हणून.

मग मावशीने विखुरलेल्या चपला गोळा केल्या, टोपलीत घातल्या आणि वही उघडली. बाई म्हणाल्या, 'रांगेत चपला होत्या, तेव्हा चपलांनाच बोलावू. ज्याची त्याने घालून दाखवायची, फॉर्म घ्यायचा.' एक, निळी रबरी. आली. दोन, अंगठा तुटका. आली. ताई आल्या, आजोबा आले. पाच नंबरचा माणूस मारामारीत आपलं पोर उचलून पळाला होता तो परत आलाच नाही. मी मोजतोय. दहा, अकरा, बारा... आणि टोपलीत माझी चप्पल नव्हती. ती बाईंच्या हातात होती.

'चौदा,' मावशी म्हणाली. 'काळी, टाचेला तार.' बाईंनी हात वर केला. कपाळावर हे एवढं सुजलेलं, आणि त्याच्या शेजारी माझी चप्पल. 'कुणाची?'

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? माझी म्हणावं तर बाईंना मी मारलं. नाही म्हणावं तर जागा गेली. मी माझा अनवाणी डावा पाय उजव्या पायामागे घातला. घामाने डोळ्यातलं रक्त धुतलं गेलं तरी दिसत काहीच नव्हतं. मी बायकोचा विचार केला, सोमवारी ती घरीच बसलेली असेल आणि मला काही बोलणार नाही, नुसतं ते बटण बघेल. तरी पाय पुढे येईना. सांगतो, खरं सांगतो, मी घाबरलो होतो. मावशी म्हणाली, 'चौदा, दुसऱ्यांदा.' म्हणाली, 'चौदा...'

'माझ्या बाबांची आहे,' खिडकीतून आवाज आला. 'ती तार आहे ना, ती बाबांनी बांधली. मला पण देतात तार. बाबा, तुमचा पाय दाखवा की.'

मी पाय दाखवला. बाईंनी स्वतः चप्पल खाली ठेवली, मी घातली. बसली. म्हणजे काय, माझीच ती. बाई म्हणाल्या, 'तुम्ही मारलीत?' मी म्हटलं, बाई, नेम दुसऱ्यावर होता. मी शांत माणूस आहे. मागून जावईबापू न विचारता बोलले, 'हो, फार शांत,' आणि मनगट वर केलं. माझे सगळे दात मोजता येतील इतके स्वच्छ उमटले होते, असं नंतर कळलं.

बाईंनी फॉर्म काढला. 'मूल चावतं का?' मी म्हटलं, नाही. 'मारतं का?' नाही. 'घरात कुणावर गेलंय?' मी म्हटलं, आईवर. 'देवाची कृपा,' म्हणाल्या आणि शिक्का मारला. मला रडू आलं हो. भर चाळीस माणसांत, सरळ हुंदका आला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, 'जागा मुलीला दिलीय. तुम्हाला नाही. तुम्ही न्यायला आणायला फाटकाच्या आत यायचं नाही, रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबाशी थांबायचं. आणि ती चप्पल काढा.' मी म्हटलं, का? 'इथे मारामारीत वापरलेली वस्तू कपाटात जाते. वर्षाच्या शेवटी वागणूक बघून परत मिळते.'

तर सोमवारपासून बायको इस्त्रीला, ठिणगी वर्गात, मी खांबाशी. आणि खांबाला दुसरं कोण टेकून उभं असेल? जावईबापू. पाच नंबरचा माणूस आला नव्हता ना, ती जागा शेवटी त्यांच्या पोराला दिली, पोराची आई आजारी असते असं निघालं. हे त्यांनी दारात आल्या आल्या सांगितलं असतं तर मीच त्यांचा बूट उचलून पुढे ठेवला असता... नसता ठेवला. पण विचार केला असता. त्यांचा बूटही कपाटात, खिडकी फोडली म्हणून. आम्ही बोलत नाही. ते उजव्या बुटावर, डाव्या पायात मोजा. मी उजव्या चपलेवर, डावा अनवाणी. नवीन जोड घ्यायचा म्हटलं, तर बाईंनी ठिणगीकडून निरोप धाडला, 'बाबांना सांग, जुनी मिळेपर्यंत थांबायचं. वाट बघायला शिकतोय आपण या महिन्यात.'

रोज दुपारी ठिणगी रस्ता ओलांडून येते, मावशीचं बोट धरून. मी रोज विचारतो, काय गं, बाई काही म्हणाल्या का? ती म्हणते, 'आज पण तुम्ही छान उभे होता. पण चप्पल अजून नाही.' काल जावईबापू माझ्या पायावर पाय देऊन पुढे सरकले. अनवाणी पायावर. मुद्दाम. तिडीक अशी डोक्यात गेली... खाली हात घातला, एकच चप्पल, ती पायात, आणि समोर खिडकीत बाई. सरळ झालो. हाताची घडी घातली. वर्ष संपायला अजून आठ महिने आहेत. तोपर्यंत, तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस आहे.