खुराड्यावरचा शिकरा

मले एक सांगा वो बाया, कागदावरच्या पाखराले कोनी भेते काय? मलेई हेच पाहाचं होतं.

माहा धाकला दीर बापू दिसभर पान्याच्या रंगानं पाखरं काढत बसे. मेडशीले आमचा भाजीचा मळा, अन् हा मळ्यात पायच ठेवेना. एक दिवस मामाजी, म्हंजे माहे सासरे, तनतनले, "उद्या तुही रंगाची डबी विहिरीत. बुरूसई विहिरीत."

त्या दिवशी बापूनं शिकरा काढला होता, कोंबडीचे पिल्लं उचलून नेते तो. मान वाकडी, पख उघडाच्या बेतात.

म्या इचारलं, "भाऊजी, हा माह्याकडेच काहून पाहून राह्यला?"

"डोळ्यात एक ठिपका कोरा सोडला, वयनी. त्यानं तो जिता वाटते."

"कोंबड्यायले वाटन काय?"

"काय मालूम."

मंग म्या ते चित्र नेऊन खुराड्यावर टाचलं अन् दाराआड बसून पाहत राह्यली. कोंबड्या खुशाल दाने टिपून राह्यल्या. एकीनंई वर पाह्यलं नाही. तेवढ्यात मामाजी वावरातून आले. खुराड्याकडे पाह्यलं, जाग्यावरच थबकले, खांद्यावरची गोफन काढली अन् असा गोटा हानला का शिकऱ्याच्या छातीतून पार.

कागद फडफडला, तवा त्यायले समजलं.

बापू धावत आला, फाटका कागद उचलला अन् हळूच म्हने, "बाबा, डबी टाकू का विहिरीत?"

मामाजी गोफन गुंडाळत म्हने, "राहू दे. पन आता चिमनी काढजो. चिमनीले कोनी गोटा मारत नाही."