स्टीलचा चमचा

खोपटच्या डेपोत बसच्या रांगेत सरोजताईंच्या मागे दोघं संशोधक विद्यार्थी उभे होते. गुडघे दुखत होते, पण ताईंचे कान आपसूक मागे गेले.

"प्रीती, तुझी निकेलची लाल पूड काय म्हणते?"

"संपलं रे सगळं. तिच्या रेणूची रचना सपाट चौकोनी असेल, तर चुंबकाने तिला ओढायला नको. माझी पूड ओढली जात होती."

"म्हणून तर सर खूश होते ना? नवीच रचना सापडली म्हणून?"

"दोन वर्षं. काल प्लास्टिकच्या चमच्याने खरवडून पाहिली. चुंबकापाशी ढिम्म हलली नाही."

"म्हणजे?"

"आधी स्टीलच्या चमच्याने खरवडायचे. कण न् कण निघावा म्हणून जोर लावून. चमच्याचाच कीस पुडीत पडत होता. दोन वर्षं मी चमचा मोजला, रत्नदीप."

"सरांना सांगितलंस?"

"सांगायलाच गेलेले. ते म्हणाले, पेपर पाठवलाय, आता लॅबमधल्या नीरजाकडून एकदा पडताळून घे."

"मग आपोआप कळेलच. तिला ओढ शून्य येणार."

ताईंनी मान किंचित मागे वळवली.

"प्रीती, तिला चमचा कुठला दिलास?"

"माझाच, जुना."

"अगं..."

"बस आली. सरक पुढे."