आईचं काय राहिलं

सलिल : ताई, ऊन डोक्यावर आलं. समोर भिंतीवर कावळ्यांची रांग लागलीय, पण एकही आईच्या पिंडाला शिवत नाही. नुसत्या माना वाकड्या करतायत.

योगिनी : भूक नसेल. भुकेने जिवाला ताण येतो, तो घालवायला प्राणी खातो. सकाळपासून या घाटावर किती जणांचे दहावे झाले! पोटं भरलीत त्यांची.

सलिल : ते लेक्चर कॉलेजात दे गं. इथे आईचं दहावं चाललंय.

योगिनी : मग तू काय ते कर.

सलिल : केलं ना! तिच्या आवडीची कांदाभजी ठेवली पानात.

योगिनी : भजी तुला आवडतात, सलिल. तिला काय आवडायचं ते कुणी विचारलंय कधी?

सलिल : बरं बाई! आणि हात जोडून मोठ्याने म्हटलं पण, आई, बाबांना मी वर्तकनगरला घेऊन जातो.

योगिनी : आणि मनात म्हणालास, वन रूम किचनमध्ये यांना झोपवू कुठे. चेहऱ्यावर लिहिलेलं.

सलिल : आणि तू? ‘बाबा कल्याणला माझ्याकडे राहतील’ म्हणताना आवाज केवढा चिरकला तुझा!

योगिनी : चिरकला. छातीत धडधडायला लागलं, आणि मग कळलं, मला भीती वाटतेय. शरीराला आधी कळतं, मनाला नंतर. तसा एक सिद्धांतच आहे.

सलिल : झालं! हिला घाबरायलाही सिद्धांत लागतो.

योगिनी : हळू बोल. ते बघतायत इकडे.

बाबा : बघत नाही, ऐकतोय. म्हातारा झालोय, बहिरा नाही.

सलिल : तसं नाही बाबा...

बाबा : मग कसं? आणि ते गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसलेत. असली खोटी पाखरं माझ्या बायकोच्या पिंडाला चालणार नाहीत म्हणावं! जा, सांग!

योगिनी : बाबा, बीपी वाढेल.

बाबा : बीपी गेलं खड्ड्यात! तू माणसाचं मन शिकवतेस ना पोरांना? मग सांग, तुझ्या आईचा जीव कशात अडकलाय?

योगिनी : माणसाच्या गरजा पायरीपायरीने असतात. आधी अन्न, मग सुरक्षितपणा, मग माया, मग मान. आई यातल्या कुठल्या पायरीवर...

बाबा : कसली पायरी! जन्मभर सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली ती!

सलिल : का बसायची? तुमचं जेवण होईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही म्हणून. आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावायचात तुम्ही.

योगिनी : सलिल, आज नको.

सलिल : मग कधी? गणितात नापास झालेलो, ते तिने कित्येक दिवस तुमच्यापासून लपवलं. ताईने कोर्टात लग्न केलं, तेव्हा दारात आडवी उभी राहिली. तुम्ही आत ओरडताय, आम्ही बाहेर, मध्ये ती. आता मध्ये कोण उभं राहणार बाबा? म्हणून नेत नाही आम्ही तुम्हाला. आलं लक्षात?

बाबा : संपलं?

सलिल : ...संपलं.

बाबा : मग हो बाजूला. मला पुढे जाऊ दे.

योगिनी : हात धरते, पायऱ्या ओल्या आहेत.

बाबा : नको.

(बाबा पिंडांपाशी जाऊन हात जोडतात. त्यांचे ओठ हलतात. भिंतीवरून एक कावळा खाली उतरतो आणि चोच मारतो.)

सलिल : शिवला! ताई, शिवला! अहो गुरुजी, कावळा शिवला!

योगिनी : बाबा... काय कबूल केलंत तिला?

बाबा : काही नाही. चला, आटपा.

योगिनी : सांगा ना. कुणाकडे येताय राहायला?

बाबा : कुणाकडेही नाही. डोंबिवलीतच राहणार मी. जमेल तसा भात टाकीन.

सलिल : मग एवढा वेळ काय बोलत होतात तिच्याशी?

बाबा : म्हटलं, पोरं मला न्यायला तयार नाहीत. आणि मी रागावलेलो नाही.