पहिलं प्रॅक्टिकल एसीच्या खटक्याचं

सिलॅबसचा विषय काढलात म्हणून सांगते. रत्नागिरीला आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या इलेक्ट्रिकलचा अभ्यासक्रम ठरवायची मीटिंग होती. मी पहिलंच प्रॅक्टिकल लिहिलं होतं, बंद पडलेल्या लाईनमधला बिघाड स्वतः शोधून ती चालू करा. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ सरांनी त्यावर लाल रेघ मारली.

"मॅडम, हे आयटीआयचं काम. आपण इंजिनिअर घडवतो. आधी थिअरी."

"सर, विहिरीवरचा पंप बंद पडला की गावात आमच्याच पोरांना हाक मारतात."

"मग वायरमन बोलवायचा!" म्हणत सरांनी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली, तीही एसीच्याच एक्स्टेन्शनवर. खट्! एसी बंद, पंखे बंद.

"लाईट गेली वाटतं," सर म्हणाले. दाराबाहेर पॅसेजमधला दिवा चांगला लख्ख चालू होता.

दहा मिनिटं पाच प्राध्यापक घाम पुसत बसले. शेवटी सर वैतागले, "अहो, वायरमनला बोलवा!"

"तो सावर्ड्याला गेलाय. संध्याकाळी येईल."

"मग तुम्ही बघा ना! बोर्ड तुमच्या मागेच आहे."

"बघितलं असतं, सर. पण ते आयटीआयचं काम." मी लाल रेघेचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आधी हे अभ्यासक्रमात घ्या."

सरांनी रेघ खोडली, सही केली. मग मी उठले. पण लोड जास्त होऊन पडलेल्या खटक्याला हात लावला नाही. बोर्डाचं झाकण उघडून बाजूला झाले आणि म्हटलं, "या सर. आधी किटलीचा प्लग काढा."