कंसावरचा दोन

तिकोणा पेठेच्या एसटीत उज्ज्वला खिडकीबाहेर बघत होती, पण कान पुढच्या बाकावरच्या मायलेकींकडे होते. लेकीच्या मांडीवर गणिताचं पुस्तक होतं.

“आई, बहुपदीचे अवयव पाडले, की कंसावरूनच आलेख कळतो. कंसाच्या डोक्यावर वर्गाचा दोन नसला, तर तो आडव्या अक्षातनं आरपार जातो.”

“आन् असला तर?”

“नुसता टेकतो आन् माघारी फिरतो.”

“तुजा मामाच की! भाऊबीजेची साडी आपल्या फाटकाला अडकवतो आन् जातो.”

“तू तरी काय करतीस? राखी त्याच्या फाटकालाच बांधतीस.”

“भांडण त्यानं काढलं.”

“मग आजबी फाटकालाच?”

एसटी थांबली. आईनं पिशवीतली राखी चाचपून पाहिली.

“चल, खोड तो दोन. आज आत जाऊन, मामाकडं चहा पिऊनच निघू.”